झिरो-इन्फ्लेटेड मॉडेल बसत नाही, बसलं तर पटत नाही: शून्यांच्या गर्दीचं समस्या निवारण

ज्या मोजण्यांत शून्यंच शून्यं असतात त्यांना झिरो-इन्फ्लेटेड मॉडेल लावतात, म्हणजे मोजणीच्या नेहमीच्या मॉडेलला "सक्तीच्या शून्यांचा" एक वेगळा भाग जोडलेलं मॉडेल. त्याच्या तक्रारी साधारण ठरलेल्या असतात. मॉडेल कन्व्हर्ज होत नाही, म्हणजे एका उत्तरावर स्थिरावतच नाही. झालंच तर शून्याच्या भागातला इंटरसेप्ट उणे अठरा येतो आणि त्याची स्टँडर्ड एरर चार आकडी. कधी सगळं सुरळीत दिसतं, पण पावसाच्या कोएफिशियंटचं चिन्ह झिरो-इन्फ्लेटेडमध्ये एक आणि हर्डलमध्ये ("शून्य की नाही" आणि "शून्याहून मोठी मोजणी" असे दोन सुटे भाग असलेलं मॉडेल) नेमकं उलटं. आणि सर्वांत नेहमीची अडचण व्हायवातली: "झिरो-इन्फ्लेटेडच का घेतलं?" याला "शून्यं खूप होती म्हणून" यापलीकडे उत्तर नसतं.

यातल्या बऱ्याच अडचणी ऑप्टिमायझरच्या (उत्तर शोधणाऱ्या गणिती यंत्रणेच्या) नसतातच. मॉडेलला जे शोधायला सांगितलंय ते डेटात नसतं, किंवा असलं तरी तिथे ते फाइल जोडताना शिरलेलं असतं. म्हणून खाली कन्व्हर्जन्सचे उपाय मागे ठेवले आहेत आणि शून्यांची चौकशी पुढे.

उदाहरण सगळीकडे एकच धरू: पुणे महानगरपालिकेची १५ क्षेत्रीय कार्यालयं, वर्षाचे ५२ आठवडे, आणि प्रत्येक खान्यात डेंग्यूच्या निश्चित रुग्णांची संख्या. एकूण ७८० ओळी. रुग्णांचे आकडे समजावण्यापुरते रचलेले आहेत, प्रत्यक्ष नोंदी नव्हेत.

खूप शून्यं आणि जादा शून्यं

पॉयसन हे मोजण्यांचं सर्वांत साधं वितरण. त्यात शून्य येण्याची शक्यता म्हणजे ई चा उणे सरासरीइतका घात. सरासरी १ असेल तर ३७ टक्के ओळी शून्य असणारच. सरासरी ०.५ असेल तर ६१ टक्के, ०.२ असेल तर ८२ टक्के. त्यामुळे "माझ्या डेटात ८० टक्के शून्यं आहेत" या वाक्यात माहिती जवळजवळ काहीच नाही. सरासरी किती ते आधी सांगा.

बोर्टकिएविचने १८९८ साली छापलेला प्रशियन सैन्याचा डेटा इथे कामाला येतो. घोड्याच्या लाथेने मेलेल्या सैनिकांची ही मोजणी: १० कोअर (सैन्याच्या मोठ्या तुकड्या), २० वर्षं, म्हणजे २०० नोंदी, एकूण १२२ मृत्यू. त्यातल्या १०९ नोंदी शून्य. अर्ध्याहून जास्त! पण सरासरी ०.६१, त्यावरून पॉयसनची अपेक्षा २०० गुणिले ०.५४३, म्हणजे सुमारे १०९. एकही शून्य जादा नाही.

आता पुण्याकडे या. समजा फेब्रुवारी ते मेच्या आसपास धरून निम्मे आठवडे असे आहेत की सरासरी ०.०५, आणि पावसाळ्यापासून दिवाळीच्या मागेपुढेपर्यंतच्या निम्म्या आठवड्यांत सरासरी २. दोन्ही भाग शुद्ध पॉयसन. एकत्र सरासरी १.०२५. कोणी हिस्टोग्राम काढून एकच पॉयसन बसवला तर ७८० पैकी २८० शून्यं अपेक्षित धरेल. प्रत्यक्षात दिसतील ४२४ च्या घरात, कारण उन्हाळ्यात ९५ टक्के शून्यं आणि पावसाळ्यात १३.५ टक्के. दीडपट शून्यं, आणि झिरो-इन्फ्लेशनचा त्यात अंशही नाही. ऋतू मॉडेलमध्ये घातला की गर्दी ओसरते.

म्हणजे शून्यं जादा आहेत का, हा प्रश्न हिस्टोग्रामला विचारायचाच नाही. सरासरीचं मॉडेल नीट बसवल्यानंतर, प्रत्येक ओळीच्या स्वतःच्या सरासरीवरून अपेक्षित शून्यं काढून मग विचारायचा. हिस्टोग्राम बघून झिरो-इन्फ्लेटेडकडे धावणं ही या विषयातली सर्वांत रुळलेली चूक आहे, आणि छापील पेपरांतही ती सर्रास सापडते.

आधी फाइल उघडा

मॉडेल नंतर. आधी प्रत्येक शून्य कुठून आलं ते बघा. रुग्णांच्या यादीत रुग्णच असतात. शून्यं कुठेच लिहिलेली नसतात. ती आपण तयार करतो: सगळी कार्यालयं गुणिले सगळे आठवडे असा सांगाडा बनवायचा, त्याला रुग्णसंख्या जोडायची, आणि जिथे काही जुळलं नाही तिथे शून्य भरायचं. घोळ होतो तो या शेवटच्या पायरीत.

पहिला घोळ नावांचा. एका फाइलीत "वारजे-कर्वेनगर", दुसरीत "वारजे कर्वेनगर". एकीत "कसबा-विश्रामबाग", दुसरीत "कसबा विश्रामबागवाडा". एकीत नावाच्या शेवटी एक स्पेस, जी डोळ्यांना दिसत नाही. देवनागरीत आणखी एक भर: "ड़" सारखी नुक्त्याची अक्षरं दोन प्रकारे साठवता येतात, पडद्यावर सारखीच दिसतात आणि तुलनेत वेगळी ठरतात. जोडणी चुकली की त्या कार्यालयाच्या ५२ च्या ५२ ओळी शून्य होतात. मग झिरो-इन्फ्लेटेड मॉडेल मोठ्या आनंदाने सांगतं की या भागात डेंग्यू होऊच शकत नाही. कोएफिशियंट प्रचंड, स्टँडर्ड एरर त्याहून प्रचंड. उपाय साधा आहे: नावांवर नाही, सांकेतिक क्रमांकावर जोडा, आणि जोडणीनंतर रुग्णांची एकूण बेरीज मूळ यादीच्या ओळींइतकी आहे का ते तपासा. एकाने जरी कमी आली तर पुढे जाऊ नका.

दुसरा घोळ हद्दीचा. महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३, आणि २०२४ मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर गेली. दहा वर्षांची मालिका गावनिहाय लावली आणि मोकळे खाने शून्याने भरले, तर समाविष्ट होण्याआधीची सगळी वर्षं त्या गावांत शून्य रुग्ण दाखवतात. हे शून्य नव्हेच. ती ओळ असायलाच नको. लोकसंख्येचंही तेच: २०११ च्या जनगणनेतले सुमारे ३१ लाख हे जुन्या हद्दीचे आहेत, ते आजच्या हद्दीला भागायला वापरले की ऑफसेटच (लोकसंख्येच्या प्रमाणात मोजणी तोलणारं पद) चुकतो.

तिसरा घोळ सगळ्यांत चोरटा: अहवाल आलाच नाही आणि रुग्ण नव्हता, या दोन्हींसाठी फाइलीत एकच रिकामी जागा. ज्या आठवड्यात त्या भागातून एकही नमुना तपासायला गेला नाही, त्या आठवड्याचं शून्य आपल्याला डेंग्यूबद्दल काहीही सांगत नाही. तपासलेल्या नमुन्यांची संख्या मिळत असेल तर ती मिळवाच. शून्य नमुन्यांच्या ओळी काढून टाका, उरलेल्यांत नमुन्यांची संख्या मॉडेलमध्ये घ्या. मिळत नसेल तर निदान रिकामं आणि शून्य यांना वेगळं ठेवा. सुट्ट्यांचे आठवडे यात हमखास सापडतात.

एवढी झाडाझडती झाल्यावर पुष्कळदा जादा शून्यं उरतच नाहीत.

ज्याला फक्त शून्यच येऊ शकतं, असा कोण?

झिरो-इन्फ्लेटेड पॉयसन डायन लॅम्बर्ट यांनी १९९२ मध्ये सर्किट बोर्डांच्या सोल्डरिंगमधल्या दोषांसाठी मांडला. कल्पना अशी की यंत्रणा कधी "निर्दोष" अवस्थेत असते, तेव्हा दोष शून्यच. कधी नसते, तेव्हा दोष पॉयसनप्रमाणे, त्यातही काही वेळा योगायोगाने शून्य. कोणती अवस्था होती ते दिसत नाही. हे "दिसत नाही" महत्त्वाचं आहे.

आपल्या उदाहरणात हा प्रश्न विचारा: पंधरापैकी असं कुठलं क्षेत्रीय कार्यालय आहे जिथे त्या आठवड्यात डेंग्यू होणं अशक्यच होतं? प्रत्येकात लाखांनी माणसं राहतात. उन्हाळ्यात शक्यता कमी, पण अशक्य नाही. अशी गोष्ट सांगताच येत नसेल तर झिरो-इन्फ्लेशनचा भाग हा नुसता गणिती ठिगळ आहे. बसेल, पण त्याचे कोएफिशियंट वाचू नका.

घराच्या पातळीवर मात्र चित्र वेगळं. घरोघरच्या अळी सर्वेक्षणात "अळ्या सापडलेली भांडी" मोजली, तर ज्या घरात पाणी साठवलेलंच नाही तिथे शून्याला पर्याय नाही. पण लक्षात घ्या, पाणी साठवलेली भांडी किती तपासली हे तुमच्याकडे लिहिलेलं असेल तर हे शून्य लपलेलं नाही, उघड आहे. ती घरं सरळ वेगळी काढा. उरलेल्या घरांत तपासलेल्या ५ भांड्यांपैकी २ असा डेटा असतो, ज्याला वरची मर्यादा आहे. तिथे पॉयसन नकोच, बायनॉमियल किंवा बीटा-बायनॉमियल घ्या. झिरो-इन्फ्लेटेडची पाळी येते ती भांड्यांची नोंद नसेल किंवा आपल्याला न कळलेलं कारण असेल तर. उदाहरणार्थ, काही घरांनी नुकतीच कोरडा दिवस पाळून भांडी घासली आहेत, पण सर्वेक्षणात तो प्रश्नच नव्हता.

तपासणीचा क्रम

पहिलं मॉडेल साधा पॉयसन, पण सगळ्या सामानासकट: ऋतू, पाऊस, कार्यालय, आणि लोकसंख्येच्या लॉगचा ऑफसेट. ऋतूसाठी साइन-कोसाइनची एक-दोन जोड्या पुरतात. पाऊस त्याच आठवड्याचा घालू नका. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस, डासाच्या अंगात विषाणू तयार व्हायला आणखी आठ-बारा, माणसाला ताप यायला चार ते दहा, आणि पुढे तपासणी आणि नोंद. म्हणजे चार आठवड्यांचा तरी लॅग हवा, म्हणजे पाऊस तेवढे आठवडे आधीचा घ्यायचा. या लॅगमुळे सुरुवातीच्या १५ गुणिले ४ म्हणजे ६० ओळी गळतात. लॅगवाल्या मॉडेलच्या ७२० ओळी आणि बिनलॅगच्या ७८०, यांचा एआयसी (मॉडेलं तोलायचा आकडा) शेजारी ठेवून तुलना करणारे थोडे नाहीत. आधी ओळी गाळा, मग सगळी मॉडेलं त्याच ७२० वर बसवा.

आता प्रत्येक ओळीच्या बसवलेल्या सरासरीवरून ई चा उणे घात काढा, सगळे मिळवा. ही अपेक्षित शून्यं. प्रत्यक्ष शून्यांशी ताडून पाहा.

फरक राहिला तरी लगेच झिरो-इन्फ्लेटेडकडे नाही. दुसरं मॉडेल निगेटिव्ह बायनॉमियल: पॉयसनसारखंच, पण पसारा सरासरीहून जास्त असू देणारं. म्यू ही सरासरी, थीटा हा पसारा ठरवणारा आकडा. इथे व्हेरिअन्स म्हणजे म्यू अधिक म्यूचा वर्ग भागिले थीटा, आणि शून्याची शक्यता: थीटा भागिले (थीटा अधिक म्यू), त्याचा थीटा घात. म्यू ०.५ आणि थीटा ०.२ असेल तर शून्यं ७८ टक्के, जिथे पॉयसन ६१ टक्के सांगत होता. कुठलाही वेगळा "शून्याचा कारखाना" न लावता एवढी शून्यं मिळतात. त्याच बेरजेने पुन्हा ताडा. बहुसंख्य डेटा इथेच मिटतो.

दोन सॉफ्टवेअरी खड्डे इथेच आहेत. आर या सॉफ्टवेअरमधल्या जीएलएम-डॉट-एनबी (glm.nb) मध्ये थीटा मोठा म्हणजे पॉयसनच्या जवळ. पायथनच्या स्टॅट्समॉडेल्समधला अल्फा म्हणजे त्याचा व्यस्त, मोठा म्हणजे पॉयसनपासून लांब. दुसरा खड्डा जास्त खोल: स्टॅट्समॉडेल्सच्या जीएलएम मध्ये निगेटिव्ह बायनॉमियल फॅमिली दिली की अल्फा डेटावरून काढला जात नाही, तुम्ही दिला नाही तर १ धरला जातो. अल्फा काढून हवा असेल तर डिस्क्रीट भागातला निगेटिव्ह बायनॉमियल वापरा. आणि आरमध्ये थीटा हजारांत जाऊन इटरेशनची मर्यादा संपल्याची तक्रार आली, तर त्याचा अर्थ ओव्हरडिस्पर्शन (सरासरीहून जास्त पसारा) नाहीच. पॉयसनवर परत या.

आरच्या धर्मा (DHARMa) पॅकेजमधली शून्यांची चाचणी हेच काम सिम्युलेशनने करते. ती पॉयसनवर चालवून "सिग्निफिकंट" आली म्हणून झिरो-इन्फ्लेशन सिद्ध होत नाही, कारण साध्या ओव्हरडिस्पर्शननेही ती तशी येते. निगेटिव्ह बायनॉमियल बसवून मग चालवा. आणि सरासरी एकाच्या खाली असताना डेव्हिअन्स भागिले डिग्रीज ऑफ फ्रीडम या आकड्यावर विसंबू नका. तिथे तो आकडा काहीही सांगतो.

कागदावरची एक तपासणी, जी फारसं कोणी करत नाही

एकसारख्या ओळींचा एक गट घ्या, म्हणजे एकाच ऋतूतल्या, साधारण सारख्या लोकसंख्येच्या. त्यात ० किती, १ किती, २ किती ते मोजा. मग एकचे भागिले शून्याचे. दोनदा दोनचे भागिले एकचे. तिनदा तीनचे भागिले दोनचे. अशी साखळी लावा.

पॉयसन असेल तर सगळे भागाकार सारखे, आणि तीच सरासरी. बोर्टकिएविचच्या डेटात मोजण्या १०९, ६५, २२, ३ आणि १. भागाकार: ०.६०, ०.६८, मग ०.४१ आणि १.३३. शेवटचे हलतात कारण तीन आणि एक अशा चिमूटभर नोंदींवर ते उभे आहेत. पहिले दोन ०.६१ च्या आसपास, काम झालं.

झिरो-इन्फ्लेटेड पॉयसनमध्ये फक्त पहिला भागाकार पडतो, बाकीचे सपाट राहतात. समजा शून्यं ६२५, एक १२०, दोन ३०, तीन ५. भागाकार: ०.१९, ०.५०, ०.५०. शून्य वगळून उरलेला डेटा ०.५ सरासरीचा पॉयसन आहे, त्याला १२० भागिले ०.५ म्हणजे २४० शून्यं पुरतात, ३८५ जादा.

निगेटिव्ह बायनॉमियलमध्ये भागाकार पायऱ्यांसारखे सारख्या उंचीने चढत जातात. वरच्याच म्यू ०.५, थीटा ०.२ साठी: ०.१४, ०.८६, १.५७, २.२९. प्रत्येक पायरी ०.७१.

आता नीट बघा. पहिला भागाकार दोन्हींत पडलेलाच आहे. फरक कळतो तो पुढच्यांत: सपाट की चढते. म्हणजे शून्यांबद्दलचा निवाडा २, ३, ४ या मोजण्या करतात! तुमच्या डेटात ३ आणि ४ मिळून सहाच ओळी असतील तर कुठलंही सॉफ्टवेअर हा निवाडा देऊ शकत नाही. आणि सगळा डेटा ० आणि १ चाच असेल, तर शून्याची टक्केवारी हा एकच आकडा हातात आहे. त्यातून पाय (सक्तीच्या शून्याची शक्यता) आणि लॅम्डा (पॉयसनची सरासरी) दोन्ही काढता येणार नाहीत. अशा डेटाला सरळ लॉजिस्टिक लावा.

झिरो-इन्फ्लेटेड निगेटिव्ह बायनॉमियल का अडखळतं तेही यातच आहे. थीटा कमी करूनही शून्यं वाढतात, पाय वाढवूनही वाढतात. दोघांची भांडणं डेटाच्या शेपटीवर मिटायची असतात, आणि शेपटीत माणसंच नसतात.

उणे अठरा

शून्याच्या भागाचा इंटरसेप्ट उणे पंधरा-अठरा, स्टँडर्ड एरर शेकड्यांत किंवा हजारांत. उणे अठराचा उलटा लॉजिट काढला, म्हणजे तो शक्यतेत बदलला, तर साधारण दहा कोटींत दीड. मॉडेल सांगतंय की जादा शून्यं नाहीत. लॉजिटला नेमकं शून्य गाठता येत नाही, म्हणून तो खाली घसरत राहतो आणि कुठेतरी थांबतो. ही बिघाडाची खूण नव्हे, उत्तर आहे. झिरो-इन्फ्लेशन काढून टाका.

इंटरसेप्ट ठीक, पण एखाद्याच कार्यालयाचा कोएफिशियंट अधिक वीस किंवा उणे वीस असेल, तर ते सेपरेशन: त्या गटात सगळी शून्यं, किंवा एकही शून्य नाही. सगळी शून्यं असतील तर वर सांगितलेली फाइल जोडणी आधी तपासा. जोडणी बरोबर असेल तर शून्याच्या भागात पंधरा डमी घालण्याचा अट्टहास सोडा.

शून्याची संख्या अपेक्षेपेक्षा कमी असली तरीही हेच दिसतं, कारण झिरो-इन्फ्लेटेड शून्यं वाढवू शकतं, घटवू शकत नाही. तिथे हर्डल चालतं.

कन्व्हर्ज होत नसेल तर

आरमधलं जीएलएमएम-टीएमबी (glmmTMB) पॅकेज हेसियन पॉझिटिव्ह डेफिनिट नाही म्हणतं, तिथलंच पीएससीएल (pscl) सिस्टिम सिंग्युलर म्हणतं, स्टॅट्समॉडेल्स हेसियन उलटवता आला नाही म्हणतं. दुखणं एकच.

सर्वांत आधी शून्याचा भाग नुसत्या इंटरसेप्टवर आणा. पीएससीएलच्या झिरोइन्फ्लमध्ये उभ्या रेघेनंतर १ लिहायचा. रेघ दिलीच नाही तर मोजणीच्या भागातले सगळे चल आपोआप शून्याच्या भागातही जातात, आणि दहा चलांचं मॉडेल बघता बघता वीस चलांचं होतं. जीएलएमएम-टीएमबी चा डिफॉल्ट याच्या नेमका उलट, शून्याचा भाग सांगितल्याशिवाय येतच नाही. एका पॅकेजमधून दुसऱ्यात जाताना "तेच मॉडेल" तेच राहत नाही ते यामुळे.

मग चल एका मापात आणा. पाऊस मिलिमीटरमध्ये शेकड्यांत आणि आर्द्रता शून्य ते एकमध्ये असेल तर ऑप्टिमायझर लंगडतो. सरासरी वजा करा, स्टँडर्ड डेव्हिएशनने भागा. सुरुवातीच्या किमती निगेटिव्ह बायनॉमियलच्या फिटमधून द्या. स्टॅट्समॉडेल्समध्ये इटरेशनची डिफॉल्ट मर्यादा ३५ आहे, ती काहीशेवर न्या. कार्यालयाचा रँडम इफेक्ट फक्त मोजणीच्या भागात ठेवा. पंधरा गटांवर दोन्ही भागांत रँडम इफेक्ट मागणं जास्तच झालं.

एवढ्यानेही अडलं तर हर्डल बसवून बघा, निदानासाठी तरी. त्याची लाइकलीहूड दोन तुकड्यांत सुटी होते: शून्य की नाही याचं लॉजिस्टिक, आणि शून्य नसलेल्यांचा ट्रंकेटेड भाग. दोन्ही वेगवेगळे चालवले की कुठला तुकडा फुटतोय ते लगेच कळतं.

ऑफसेट नको तिथे गेला

ही चूक शांतपणे बसते, एरर येत नाही. झिरोइन्फ्लमध्ये फॉर्म्युल्याच्या आतच ऑफसेट लिहिला आणि उभी रेघ दिली नाही, तर ऑफसेटसुद्धा शून्याच्या भागात जातो, कोएफिशियंट १ धरून. अर्थ काय होतो? लोकसंख्या दुप्पट तर "इथे डेंग्यू होऊच शकत नाही" याचे ऑड्स दुप्पट. हडपसर-मुंढव्यासारख्या मोठ्या वस्तीला डेंग्यूपासून संरक्षण देणारं मॉडेल! उभी रेघ देऊन शून्याचा भाग स्पष्ट लिहा, किंवा ऑफसेट फॉर्म्युल्याबाहेर वेगळ्या आर्ग्युमेंटने द्या. तसा दिला की तो फक्त मोजणीच्या भागाला लागतो. आणि लॉग विसरू नका. लोकसंख्या जशीच्या तशी ऑफसेटमध्ये टाकली की सरासरी अनंताकडे पळते.

चिन्ह उलटं

पीएससीएलचं झिरोइन्फ्ल शून्याच्या भागात "सक्तीचं शून्य" असण्याची शक्यता मांडतं. त्याच पॅकेजचं हर्डल शून्यापेक्षा मोठी मोजणी येण्याची शक्यता मांडतं. म्हणून पाऊस एकीकडे उणे आणि दुसरीकडे अधिक, आणि दोन्ही एकच गोष्ट सांगतात. जीएलएमएम-टीएमबी मध्ये ट्रंकेटेड फॅमिली घेऊन हर्डल केलं तर तिथे पुन्हा शून्याची शक्यता मांडली जाते, म्हणजे पीएससीएलच्या हर्डलच्या उलट. कोष्टकाच्या मथळ्यात "कशाची शक्यता" ते शब्दांत लिहा.

मोजणीच्या भागातल्या कोएफिशियंटचा ई-घात घेऊन "पाऊस वाढला की रुग्ण १.४ पट" असं लिहिलेलं सारखं दिसतं. झिरो-इन्फ्लेटेडमध्ये ते १.४ फक्त सक्तीच्या शून्यात नसलेल्या ओळींसाठी आहे. एकूण सरासरी म्हणजे (१ वजा पाय) गुणिले म्यू, आणि तोच चल दोन्ही भागांत असेल तर एकूण परिणाम कुठल्याच एका कोएफिशियंटमध्ये सापडत नाही. पावसाच्या दोन किमती घ्या, बाकीचे चल जसेच्या तसे ठेवून प्रेडिक्ट "रिस्पॉन्स" प्रकाराने चालवा, सरासऱ्यांचं गुणोत्तर घ्या. "काउंट" प्रकार दिला तर नुसता म्यू मिळतो आणि अंदाज फुगतो.

वुओंग टेस्ट मागितली तर

दोन मॉडेलांपैकी कोणतं डेटाला जास्त जुळतं हे ठरवणारी वुओंगची १९८९ ची चाचणी एकमेकांत न सामावणाऱ्या मॉडेलांसाठी होती. पॉयसन हा झिरो-इन्फ्लेटेड पॉयसनमध्ये सामावलेला आहे, पाय शून्य या कडेवर. त्यामुळे तिथे झेडची नेहमीची कोष्टकं लागू पडत नाहीत. हा गैरवापर २०१५ मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिला गेला, तरी मागणी थांबलेली नाही. लाइकलीहूड रेशो वापरायचा तर शून्याचा भाग नुसत्या इंटरसेप्टचा असताना ५ टक्क्यांची सीमा ३.८४ नव्हे, २.७१ धरा.

याहून भक्कम मार्ग पॅरामेट्रिक बूटस्ट्रॅप. निगेटिव्ह बायनॉमियलचा फिट घ्या, त्यातून ७२० मोजण्यांचे ५०० खोटे डेटासंच काढा, चल आणि ऑफसेट मूळचेच ठेवा. प्रत्येकावर दोन्ही मॉडेलं बसवून लाइकलीहूड रेशो नोंदवा. मूळ डेटाचा रेशो या पाचशेंपैकी जितक्यांनी गाठला किंवा ओलांडला त्यात एक मिळवा आणि ५०१ ने भागा, ही पी-व्हॅल्यू. काही खोट्या संचांवर झिरो-इन्फ्लेटेड अडखळेल. तिथे पाय शून्याकडे गेल्याचं दिसत असेल तर रेशो शून्य धरा. तसं दिसत नसेल तर नव्या सुरुवातीच्या किमती देऊन पुन्हा चालवा. अडलेले संच गुपचूप वगळू नका, कारण अडतात ते नेमके असेच संच जिथे जादा शून्यं नसतात, आणि ते गेले की पी-व्हॅल्यू एका बाजूला झुकते. किती अडले, त्यांचं काय केलं, हे पी-व्हॅल्यूच्या शेजारीच लिहा.